जन्मजात हृदयदोष आणि मोठेपणीचा स्ट्रोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात हृदयरोगाच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून काम करते. माझ्यासमोर बसणारी माणसं विशीपासून पन्नाशीपर्यंतची असतात. कुणाच्या हृदयातलं भोक पाचव्या वर्षी बुजवलेलं असतं, कुणाची झडप बदललेली असते, तर कुणाला चाळिशीत विम्याच्या तपासणीत पहिल्यांदाच कळलेलं असतं की आपलं हृदय जन्मापासून वेगळं आहे. हार्ट अटॅकबद्दल सगळे विचारतात. स्ट्रोकबद्दल, म्हणजे पॅरॅलिसिसच्या झटक्याबद्दल, क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते आधी विचारायला हवं ते हेच. खालचे प्रश्न रोजच्या बोलण्यातले आहेत. तुमच्या गोळ्या आणि डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

घरात आत्ता, या क्षणी कुणाला स्ट्रोकची शंका येतेय. काय करू?

वाचणं थांबवा आणि १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा.

तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं किंवा शब्दच न सापडणं, अचानक एका डोळ्याची नजर जाणं, उभं राहता न येण्याइतका तोल जाणं, कधीच झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी: यातलं एकही लक्षण अचानक आलं तरी पुरेसं आहे. माणूस पंचविशीचा आहे म्हणून थांबू नका. 'रात्री नीट झोपला नाही', 'हात अवघडला असेल' यात पहिला तास जातो.

निघताना दोन गोष्टी करू नका. तोंडाने काही देऊ नका, पाण्याचा घोटही नको; गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा. हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि तो हिशोब लक्षण दिसल्यापासून नाही, तर शेवटी ठीक दिसल्यापासून होतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करतात. पण उशीर केला तरी चालेल असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या स्ट्रोकमध्ये उपचार न झाल्यास मिनिटाला जवळपास १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला होता.

गावाकडून आलेल्या घरांत अजून 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात आणि मालिशवाला, झाडपाला, काही ठिकाणी कबुतराचं रक्त चोळणं असे उपाय आधी होतात. त्या माणसांवर रागवून काही होत नाही. त्यांना एवढंच सांगा की आधी स्कॅन, बाकीचं नंतर.

माझं ऑपरेशन चौथ्या वर्षी झालं. 'मुलगी बरी झाली' असं तेव्हाच सांगितलं होतं. मग आता स्ट्रोकचा विषय कशाला?

कारण ऑपरेशनने बहुतेक वेळा दोष दुरुस्त होतो, हृदय मात्र नवंकोरं होत नाही. टाके घातल्याच्या जागी व्रण राहतो. वरचे कप्पे ताणलेले असतात, एखादी झडप गळत राहते, कधी बुजवलेल्या भोकाच्या कडेला बारीक फट उरते. चौथ्या वर्षी याचा त्रास नसतो. त्याच व्रणाभोवती तिशी-चाळिशीत विजेचे ठोके भरकटायला लागतात.

'बरी झाली' हे वाक्य सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. ते वाक्य त्या वयापुरतं खरं होतं. पण आईवडिलांनी ते कायमचं मानलं, बारावीनंतर तपासणी थांबली आणि फाईल माळ्यावर गेली. आज पुण्यात नोकरी करणाऱ्या, दिसायला ठणठणीत असलेल्या अशा कितीतरी जणांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) वर्षानुवर्षं झालेला नसतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते.

धोका किती आहे? आकड्यात सांगा.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जन्मजात हृदयदोष असलेल्या जवळपास ३० हजार प्रौढांच्या १९९८ ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. १८ ते ६४ या वयात अशा ११ पुरुषांपैकी एकाला आणि १५ स्त्रियांपैकी एकीला स्ट्रोक होतो, असा हिशोब निघाला. गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकचं प्रमाण ५५ वर्षांखाली त्याच प्रांतातल्या इतर लोकांच्या ९ ते १२ पट होतं आणि ५५ ते ६४ या वयात २ ते ४ पट.

हा आकडा वाचून झोप उडवून घेऊ नका. तरुणांत स्ट्रोक मुळातच कमी होतो, म्हणून पट मोठी दिसते. शिवाय यात सगळे दोष एकत्र मोजलेत. लहानपणीच बंद झालेलं बारीक भोक आणि एकाच पंपावर चालणारं हृदय यांचा धोका एक नाही. त्या अभ्यासात गुठळीच्या स्ट्रोकशी सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो हार्ट फेल्युअर, मधुमेह आणि नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक यांचा. म्हणजे जन्मजात दोष आपल्या हातात नसला तरी साखर पुष्कळशी हातात आहे. हृदयाच्या तपासणीला येणाऱ्यांना मी एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्टही सोबत आणायला सांगते.

हृदयातली गुठळी मेंदूपर्यंत पोचते कशी?

वाटा बऱ्याच आहेत. सगळ्यात नेहमीची वाट ठोके बिघडण्याची. वरचा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत राहिला, की त्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीसारख्या भागात रक्त रेंगाळतं आणि गोठतं. ठोके पुन्हा सुरळीत झाले की ती गुठळी सुटते आणि थेट वर जाते.

दुसरी वाट भोकातून. एरवी पायातल्या शिरेत गुठळी झाली तर ती फुप्फुसात अडकते. तिथेही ती घातक ठरू शकते, पण मेंदूपर्यंत जात नाही. हृदयाच्या पडद्यात भोक असेल तर तिला आडवाट मिळते. वरच्या कप्प्यातल्या भोकातून रक्त एरवी डावीकडून उजवीकडे जातं. जोराने खोकताना किंवा शौचाला कुंथताना क्षणभर दिशा उलटते, आणि तेवढा क्षण पुरतो. ज्यांचं रक्त कायमच उजवीकडून डावीकडे जातं, म्हणजे ज्यांचे ओठ-नखं निळसर असतात, त्यांच्यासाठी सलाइनच्या नळीतला हवेचा बुडबुडासुद्धा धोक्याचा. कुठल्याही दवाखान्यात सलाइन लावताना 'मला हृदयात भोक आहे, नळीत हवा राहू देऊ नका, फिल्टर असेल तर लावा' असं स्पष्ट सांगा. सिस्टर रागावणार नाहीत, आणि रागावल्या तरी सांगा.

कृत्रिम झडपेवर गुठळी धरते, फोंटान ऑपरेशन (हृदयात एकच पंप असेल तर अशुद्ध रक्त थेट फुप्फुसांकडे वळवण्याचं) झालेल्यांत रक्त संथ वाहतं, झडपेला जंतुसंसर्ग झाला तर तिथले तुकडे सुटतात. आणि काही स्ट्रोक गुठळीचे नसतातच, रक्तवाहिनी फुटल्याचे असतात. त्याबद्दल पुढे येईलच.

मला अधूनमधून धडधडतं, पण दोन-चार मिनिटांत थांबतं. ईसीजी नॉर्मल आला. सोडून देऊ?

नको. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे राहू द्या. ईसीजी ही काही सेकंदांची नोंद असते. धडधड मंगळवारी रात्री झाली आणि ईसीजी शुक्रवारी सकाळी काढला, तर तो नॉर्मलच येणार.

धडधड होत असताना नाडी मोजा, किती वेळ टिकली ते लिहा, मोबाइलमध्ये तारीख टाका. डॉक्टरांकडे होल्टरचा, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राचा, विषय तुम्हीच काढा. २४ तासांत काही सापडलं नाही तर जास्त दिवसांची पट्टीही छातीवर लावता येते. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढता आला, तर तो कागद सोन्याच्या मोलाचा. त्याचा लगेच फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदावरची रेघ काही वर्षांत पुसट होते.

गंभीर जन्मजात दोष असूनही अठराव्या वर्षापर्यंत पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना पासष्टीपर्यंत वरच्या कप्प्यांतल्या ठोक्यांचा बिघाड होतो, असं क्वेबेकच्याच आणखी एका अभ्यासात दिसलं होतं. असा बिघाड सापडला, की रक्त पातळ करायचं का हा प्रश्न येतो. इतर रुग्णांत वय, बीपी, मधुमेह यांचे गुण मोजून तो ठरवतात. पण ती गुणपट्टी जन्मजात दोषाचा विचार करून बनवलेली नाही. तिशीतल्या, बीपी-साखर नसलेल्या माणसाला शून्य गुण मिळतात, आणि फोंटान झालेल्या तिशीतल्या माणसाला 'शून्य' म्हणून घरी पाठवणं चूक आहे. गुंतागुंतीच्या दोषात ठोके बिघडले असतील तर गुण कमी असले तरी रक्त पातळ करण्याच्या गोळीचा विचार होतो. 'तुमचं वय कमी आहे, गरज नाही' असं ऐकलंत, तर जन्मजात हृदयविकाराचं काम करणाऱ्या डॉक्टरांचं मत नक्की घ्या.

कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. पालेभाज्या बंद करू का?

बंद करू नका. एकसारख्या ठेवा. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम घेणाऱ्या माणसाला पालक, मेथी, अळू, कोथिंबीर यातलं के जीवनसत्त्व उलटं काम करतं, हे खरं. पण आठवड्याला दोनदा पालेभाजी खाणाऱ्याचा डोस त्या जेवणावरच बसवलेला असतो. त्याने भाजी अचानक सोडली तर रक्त जास्त पातळ होतं. आणि घरच्या लग्नात चार दिवस अळूचं फदफदं, कोथिंबीरवडी दाबून खाल्ली तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) खाली येतो. आहार मोठा बदलणार असेल तर आधी कळवा आणि आयएनआर लवकर करून घ्या.

आयएनआर किती हवा ते झडपेवर अवलंबून असतं. बऱ्याचदा महाधमनीच्या झडपेला २ ते ३ आणि मायट्रल झडपेला २.५ ते ३.५ असं लक्ष्य ठेवतात. तुमचं लक्ष्य फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

खरा गोंधळ भाजीने कमी आणि औषधांनी जास्त होतो. गुडघा दुखतोय म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, सर्दीसाठीचं अँटिबायोटिक, शेजारच्या काकूंनी दिलेला काढा. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी, तीही सांगितलेल्या मापात. बाकी काहीही घेण्याआधी विचारा. आणि गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

बहिणीला नवीन गोळी दिलीय, तिला आयएनआर करावा लागत नाही. मलाही ती चालेल का?

धातूची झडप असेल तर नाही. त्या नव्या गटातल्या डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांत चाचणी झाली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. २०१३ साली तिचे निष्कर्ष आले. धातूची झडप नसताना, फक्त ठोक्यांसाठी गोळी असेल तर पर्याय असू शकतो. मनाने बदल करू नका.

इकोत 'पीएफओ' लिहून आलंय. म्हणजे मला भोक आहे?

पीएफओ म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातली, गर्भात प्रत्येकालाच असणारी झडपेसारखी फट. ती साधारण चारांतल्या एकाला जन्मभर राहते. बहुतेकांना तिचा काहीही त्रास होत नाही आणि नुसती दिसली म्हणून बंद करायची नसते. साठीच्या आतल्या माणसाला स्ट्रोक झाला, सगळ्या तपासण्या करूनही दुसरं कारण सापडलं नाही, आणि फट मोठी असेल, तर ती छत्रीसारख्या उपकरणाने बंद करण्याचा फायदा होतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. तो निर्णय मेंदूतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ दोघांनी मिळून घ्यायचा.

माझे ओठ निळे पडतात, हिमोग्लोबिन २१ आलंय. लॅबवाले म्हणतात रक्त काढून टाका.

लॅबवाल्यांच्या सांगण्यावरून काढू नका. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून तुमचं शरीर लाल पेशी जास्त बनवतं. तुमच्यासाठी २१ ही गरज असू शकते. पूर्वी आकडा पाहून सरसकट रक्त काढायचे. त्याने लोह संपतं. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि ताठर होतात, आणि अशा रुग्णांत स्ट्रोकचा धोका वाढलेला दिसला आहे. म्हणजे धोका टाळायला केलेल्या गोष्टीनेच धोका वाढतो. डोकेदुखी, चक्कर, धूसर दिसणं असा त्रास होत असेल आणि पाणी कमी पडलेलं नाही याची खात्री झाली असेल, तरच तज्ज्ञ तो विचार करतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तपासून घ्या. हिमोग्लोबिन २१ असलेल्या माणसाला लोह कमी असू शकतं, हे अनेकांना पटत नाही. पण ते असतं.

निळसर रुग्णाला ताप, डोकेदुखी आणि अंगाच्या एका बाजूची कमजोरी एकत्र आली तर मेंदूत पू झालेला असू शकतो. तो स्ट्रोकसारखाच दिसतो, उपचार वेगळे असतात.

डाव्या हाताला बीपी नॉर्मल येतं, तरी डॉक्टर उजव्याच हाताला घ्या म्हणतात. का?

महाधमनी आखडलेली होती म्हणून लहानपणी ऑपरेशन झालं असेल, तर त्या काळच्या एका पद्धतीत डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनीच वापरून अरुंद जागा रुंद करत. तेव्हापासून त्या हाताचं बीपी खोटं कमी दिसतं. निळ्या बाळांत हाताच्या रक्तवाहिनीचा जोड फुप्फुसाकडे दिलेला असेल, तरी तसंच होतं. डावीकडे १२०, उजवीकडे १६० असं मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्या दादांच्या सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात डावीकडचाच आकडा लिहिला गेला होता.

यात जीवावरचा धोका असा की आखडलेल्या महाधमनीच्या रुग्णांपैकी साधारण दहांतल्या एकाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर फुगा असतो. न दिसलेलं बीपी वर्षानुवर्षं त्या फुग्यावर आदळत राहतं. घरी बीपीचं मशीन घ्या, कोणता हात ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कफवर मार्करने लिहा.

दात काढायचाय. रक्त पातळ करण्याची गोळी बंद करून जाऊ?

स्वतःहून अजिबात नको. साध्या दाताला बहुतेक वेळा आयएनआर पाहून, गोळी चालू ठेवूनच काम होतं. कृत्रिम झडप, आधी झडपेला संसर्ग झालेला, दुरुस्त न झालेला निळसर दोष, किंवा उपकरणाने भोक बंद करून सहा महिने न झालेले, अशांना हिरडीला धक्का लावणाऱ्या कामाआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. बाकीच्या बहुतेकांना लागत नाही.

याला जोडून पावसाळ्याचं सांगते. जुलैपासून पुण्यात घरोघरी ताप असतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी अँटिबायोटिक सुरू करतं. तुमची झडप कृत्रिम असेल किंवा दोष शिल्लक असेल आणि ताप उतरत नसेल, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी) घ्यायला सांगा. दोन दिवस औषध पोटात गेलं की जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत, संसर्ग झडपेवर वाढत राहतो आणि पुढे मेंदूत तुकडा गेल्यावर कळतं. डेंगी निघाला तर रक्ताची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना लगेच सांगा. प्लेटलेट उतरत असताना ती तशीच घेत राहणं धोक्याचं.

उपवास करू शकतो का?

फराळाचा उपवास बहुतेकांना चालतो. निर्जळी नको. हरतालिकेला थेंबभर पाणी न घेणाऱ्या, त्यातच लघवीची गोळी घेणाऱ्या, फोंटान किंवा निळसर दोष असलेल्या बाईचं रक्त संध्याकाळपर्यंत दाट झालेलं असतं. पाणी प्या, गोळ्या वेळेवर घ्या. सासूबाईंशी बोलायला जड जात असेल तर त्यांना ओपीडीत घेऊन या. डॉक्टरांनी सांगितलेलं घरात बऱ्याचदा चालतं.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली तर?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा प्रश्न बायका आवाज खाली आणून विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं आणि शरीरात त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. इस्ट्रोजेनने गुठळीची शक्यता वाढते. हृदयात भोक शिल्लक असेल, फोंटान, निळसर दोष किंवा धातूची झडप असेल, ठोके बिघडलेले असतील, तर मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. त्या दिवशी गौरीचा नैवेद्य दुसऱ्या कुणी केला तरी गौरी जेवते.

याच कारणाने संततिनियमनाच्या नेहमीच्या मिश्र गोळ्याही अशा स्त्रियांना टाळायला सांगतात. फक्त प्रोजेस्टेरॉनचे पर्याय, तांबी, इम्प्लांट यातून निवड होते. तांबी बसवताना काहींना अचानक बीपी उतरण्याचा धोका असतो, म्हणून ती सोय असलेल्या रुग्णालयातच बसवावी.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी भेटा. वॉरफरिनने पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळात व्यंग येऊ शकतं. आणि घाबरून गोळी बंद केली तर झडपच गुठळीने अडकू शकते. दोन्ही टाळणारी योजना आधी आखावी लागते. पाळी चुकली असेल तर आजच फोन करा, गोळी मनाने थांबवू नका.

मुलीचं लग्न जमवतोय. ऑपरेशनचं स्थळाला सांगायचं का?

सांगायचं, असं माझं ठाम मत आहे. आईवडिलांचं दुःख मला कळतं. पत्रिका जुळते, मुलगा चांगला असतो, आणि छातीवरच्या एका रेघेसाठी नकार येईल ही भीती खरी असते. पण लपवलं की पुढे काय होतं ते मी बघते. मुलगी गोळ्यांची पाकिटं फाडून जीवनसत्त्वाच्या डबीत ठेवते. आयएनआरसाठी दर महिन्याला कुठे जातेस, या प्रश्नाला उत्तर नसतं म्हणून ती तपासणी बंद करते. आणि झटका आलाच, तर रुग्णवाहिकेत शेजारी बसलेल्या नवऱ्याला माहीतच नसतं की बायको रक्त पातळ करण्याची गोळी घेते. साडेचार तासांच्या त्या खिडकीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मुलांच्या बाबतीतही हेच. फक्त त्यांच्याकडून कुणी खुलासा मागत नाही, एवढाच फरक.

दोन्ही घरांना एकत्र बसवून समजावून सांगायला आमच्यासारखे लोक तयार असतात. अशा बैठकीनंतर लग्नं मोडतातही. पण जी टिकतात, त्यांत मुलीच्या गोळीची आठवण सासरे करून देतात.

ढोल पथकात वाजवतो. सिंहगडही चढतो. बंद करू?

बहुतेकांनी व्यायाम करावाच. बसून राहिल्याने वजन, साखर आणि बीपी तिन्ही वाढतात. पण महाधमनी फुगलेली असेल, फुप्फुसांतला दाब जास्त असेल किंवा श्रमाने ठोके बिघडत असतील, तर कमरेला जड ढोल बांधून तासन्‌तास वाजवणं योग्य नाही. सराव सुरू होण्याआधी, जूनमध्येच, इको आणि गरज असल्यास ट्रेडमिल चाचणी करून घ्या. रक्ताची गोळी असेल तर मार लागणारे खेळ टाळा. गड चढताना गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवा आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या.

तंबाखू, मिश्री?

दोन्ही बंद. मिश्रीही तंबाखूच आहे.

हात पाच मिनिटं बधिर झाला, मग आपोआप बरा झाला. आता दाखवायची गरज आहे का?

आजच दाखवा. गुठळी आली आणि विरघळून गेली, असा त्याचा अर्थ असू शकतो. पुढचा मोठा झटका येण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असते. 'गेलं ना आता' म्हणून सोमवारची वाट बघू नका.

जुनी फाईल सापडत नाही. लहानपणी कुठलं ऑपरेशन झालं तेच माहीत नाही.

ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात नाव, साल आणि वडिलांचं नाव देऊन अर्ज करा. जुन्या नोंदी बऱ्याच ठिकाणी ठरावीक वर्षांनी काढून टाकतात, म्हणून आणखी उशीर नको. काहीच मिळालं नाही, तरी छातीवरची खूण मध्ये आहे की कुशीत, यावरून आणि नव्या इको किंवा एमआरआयवरून तज्ज्ञ बरंच ओळखतात.

फाईल असेल तर आज प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा. पाकिटात एक छोटा कागद ठेवा: दोषाचं नाव, ऑपरेशनचं साल, झडप किंवा पेसमेकरचा प्रकार, रक्ताची गोळी आणि घरचा नंबर. पेसमेकरचं कार्ड नसल्यामुळे ऐन वेळी एमआरआय अडकून राहतो.

आणि लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नका. त्यांच्या रांगेत फुगे धरलेल्या पोरांच्या मध्ये पस्तिशीतले इंजिनिअर बसलेले असतात. तुमच्या दोषाची रचना तेच चांगली जाणतात.

पुण्यात कुठे जायचं? खर्च कसा भागवायचा?

स्ट्रोकसाठी आणि हृदयासाठी दोन वेगवेगळी उत्तरं तयार ठेवा. हृदयाची नेहमीची तपासणी तुमच्या विश्वासाच्या ठिकाणी करा, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी हरकत नाही. स्ट्रोकला मात्र घराजवळचं असं रुग्णालय लागतं जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे आणि मेंदूतज्ज्ञ रात्रीही येतात. तुम्ही धायरीत किंवा वाघोलीत राहत असाल तर आजच फोन करून हे विचारून ठेवा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता आणि आसपासचा भाग बंद असतो. पेठांत राहणाऱ्यांनी त्या दिवसाची वाट आधीच ठरवलेली बरी.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि तिला जोडलेल्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. स्टेशनजवळचं ससून सगळ्यांना खुलं आहेच. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे कुणी आपणहून सांगेल अशी वाट बघू नका. समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा दाखला दाखवा आणि मागा.

एकदा स्ट्रोक होऊन गेला. आता पुढे?

कारण शोधल्याशिवाय रुग्णालयातून बाहेर पडू नका. नुसतं अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी देऊन घरी पाठवणं साठीच्या माणसाला कदाचित पुरेल. जन्मजात हृदयदोष असलेल्या तिशीतल्या माणसाला पुरत नाही. ठोक्यांची लांब नोंद, बुडबुड्यांचा इको (भोक शोधण्यासाठीचा), घशातून केलेला इको आणि पायाच्या शिरांची सोनोग्राफी यातलं काय झालं आणि काय राहिलं, ते विचारा. पेसमेकरची तार आहे आणि भोकही शिल्लक आहे, असं असेल तर तेही पुन्हा सांगा. तारेवर धरलेली गुठळी भोकातून पलीकडे जाऊ शकते.

फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवी, बोलण्यावर परिणाम असेल तर स्पीच थेरपीही. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, त्यानंतरही ती चालू राहते. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय पातळ वरणसुद्धा भरवू नका. आणि मूड बिघडला, रडू यायला लागलं, चिडचिड वाढली, तर तो हट्ट नाही. स्ट्रोकनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर औषध आहे. पुढच्या भेटीत ते आपणहून सांगा, म्हणजे डॉक्टर चालू गोळ्यांशी जुळेल असं औषध निवडतील. नैराश्याच्या काही गोळ्या वॉरफरिनबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.